परदेशगमनाचा तीळ

हे वाचायला बसला असाल तर आधी मोजे काढा. डावा पाय उजव्या मांडीवर घ्या, तळवा वर करा आणि चांगल्या उजेडात बघा. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या खाली. मग दुसरा पाय. स्वतःला नीट दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. लाज वाटली तरी सांगा.

मी पत्रकं लिहिते. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला, पीएचडी करता करता जी मुलं विद्यापीठाचे वर्ग शिकवतात, त्यांच्या युनियनची पत्रकं. आमच्यात एक नियम आहे: एका पानावर एकच मागणी, आणि ती सगळ्यात वर. माझी मागणी वर लिहून झाली. ती पाळलीत तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. पण तुम्ही पाळणार नाही. मोजे घालूनच वाचत असाल. मीही तशीच होते, म्हणून पुढचं लिहिते आहे.

परात

आमच्या भागात नवरात्रात कुमारिका मिळत नाहीत. लहान मुली आहेत भरपूर, पण पूजेच्या वेळी कुणाला सॉकर असतं, कुणाला स्विमिंग, आणि उरलेल्या म्हणतात, "व्हाय इज समवन वॉशिंग माय फीट?" म्हणून नलूकाकूंनी नियम सैल केला. लग्न झालं नाही ती कुमारिका, वय विचारायचं नाही. मग विद्यापीठातल्या आम्हा मराठी मुलींना फोन जायचे. आम्ही पुरणपोळीसाठी जायचो, उगाच खोटं कशाला सांगू.

नलूकाकू आणि काका आमच्या जन्माच्या कितीतरी आधी इथे आले. काका हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर. भारतातून नवीन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिलं अंथरूण-पांघरूण यांच्याच घरातून मिळतं. मलाही मिळालं. चांगली माणसं आहेत. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाईट माणसांनी केलेलं नाही.

त्या वर्षी मी पाटावर बसले, पितळी परातीत पाय ठेवले. काकूंनी कोमट पाणी घातलं, पाय धुतले, आणि पुसायला म्हणून डावी टाच वर उचलली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हिला तर परदेशगमनाचा तीळ आहे."

टाचेच्या आतल्या कडेला, मसुराच्या डाळीएवढा. काळा, पण एका बाजूनं शाई फुटल्यासारखा. मी तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आपला तळपाय आपण कधी बघतो? आपण पाया पडतो ते वरून. तळवे कुणाकडे करून बसणं असभ्य, आणि चुकून कुणाला पाय लागला तर लगेच नमस्कार. पाय ही आपल्याकडे पूजेची गोष्ट आहे, बघण्याची नाही.

सगळ्याजणी बघायला आल्या. काकाही सोफ्यावरून उठून आले, चष्मा कपाळावर सरकवून वाकले. म्हणाले, "हा दाखवला असतास तर व्हिसाचा इंटरव्ह्यूसुद्धा लागला नसता." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यांदा. काकूंनी तिथल्या तिथे नागपूरला माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि माझी टाच तिला दाखवली. आई म्हणाली, हो हो, तो जन्मापासूनच आहे तिला.

अशी त्या डागाला जन्मखूण हे नाव मिळालं.

जन्मखूण

थंडी पडली तेव्हा मोज्याला आतून तपकिरी ठिपका दिसायला लागला. रक्त होतं. मी विद्यापीठाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सनं विचारलं, कधीपासून आहे? मी म्हटलं, बर्थमार्क आहे. तिच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच गेला. जन्मखुणेवर चामखीळ आली असेल म्हणाली, आणि चामखीळ जाळायच्या औषधाच्या पट्ट्या दिल्या.

मी ज्या खुर्चीत बसले होते तिच्यासमोर पोस्टर होतं. त्वचेचा कॅन्सर ओळखा. समुद्रकिनारा, छत्री, आणि एका बाईची गुलाबी पाठ, तिच्यावर एक डाग. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. मी ते पोस्टर पूर्ण वाचलं, मला पोस्टर वाचायची सवयच आहे. त्यात मजकूर किती वाईट बसवलाय हे पाहिलं. माझ्यासारखा एकही पाय त्यात नाही हे पाहिलं नाही.

पट्ट्या लावल्या. डाग पट्टीच्या बाहेर गेला. पुन्हा गेले. या वेळी दुसरी नर्स होती, पण कॉम्प्युटरवर आधीच बर्थमार्क लिहिलेलं होतं. पुन्हा पट्ट्या.

यातली गोम लक्षात घ्या. अनोळखी डाग दिसला तर माणूस घाबरतो, विचारतो, दाखवतो. पण एकदा त्याला जन्मखूण म्हटलं की तो घरचा होतो. घरच्या माणसाच्या पिशवीत काय आहे ते कुणी तपासत नाही.

बघितलं ते श्वेतानं. श्वेता माझी रूममेट, पुण्याची, तोंडानं फटकळ. मी पाय टीपॉयवर टाकून पेपर तपासत होते.

"ए, हे काय आहे?"

"परदेशगमनाचा तीळ."

"आलीस ना परदेशात? मग आता कुठे चाललीस, मंगळावर?" ती हसत होती. मग जवळ आली आणि हसायची थांबली. "मुक्ता, हा मागे एवढा नव्हता यार."

मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, असेल नाही, आहे. आणि माझ्या हातातून फोन काढून घेऊन त्वचेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट तिनंच घेतली. माझ्याच इन्शुरन्स कार्डाचे नंबर तिनं वाचून दाखवले आणि मी तिच्यावर वैतागत होते.

दोन डॉक्टर

त्वचेच्या डॉक्टरीणबाई पहिल्यापासून बडबड करत होत्या. भारतात कुठे, शिकतेस काय, थंडी सोसते का. टाचेवर भिंग ठेवलं आणि त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. बराच वेळ बघितलं. मग "एक मिनिट" म्हणून बाहेर गेल्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. तेही भिंगावर वाकले. दोन डॉक्टर एकाच पायाकडे गप्प राहून बघायला लागले, की तो पाय आपला राहत नाही.

तुकडा काढून तपासायला पाठवला. इथे रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी पेशंटच्या फोनवर येतो. कुणाला ही सोय वाटत असेल. मी बस स्टॉपवर उभी होते, हातात दुसऱ्या दिवशीच्या मोर्च्याचे बोर्ड. मेलॅनोमा, त्वचेचा कॅन्सर. तो शब्द मला माहीत होता, पण माझ्या डोक्यात तो त्या गुलाबी पाठीचा होता. समुद्रावर जाणाऱ्यांचा. मी नागपूरच्या उन्हात स्कार्फ बांधून वाढलेली मुलगी. मला पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. मला वाटलं, रिपोर्ट चुकून दुसऱ्या कुणाचा आला.

बस आली आणि गेली. मी बोर्ड धरून तिथेच.

डॉक्टरीणबाईंनी नंतर स्वच्छ सांगितलं. या प्रकाराचा उन्हाशी संबंध नाही. तो तळव्यावर, तळहातावर, नखाखाली येतो, कुणालाही येऊ शकतो. सावळ्या, काळ्या माणसांना हा आजार झाला की बहुतेक वेळा तिथेच होतो, आणि तिथे कुणी बघत नाही म्हणून उशिरा सापडतो. मी विचारलं, मग पोस्टरवर हे का नाही? त्या म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. माझ्याकडे आहे: ज्यांचे पाय पोस्टरवर नाहीत त्यांनी ते अजून मागितले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, जन्मापासून आहे हे नक्की ना? किती वेगानं वाढतोय ते समजायला हवं होतं त्यांना. मी आईला फोन लावला.

"आई, नीट आठव. माझ्या टाचेवर लहानपणी काही होतं का?"

मागे कुकरची शिट्टी झाली.

"नव्हतं गं," आई म्हणाली. "तुला पायावर घेऊन मीच तेल लावायचे. कोरे पाय होते तुझे. पाठीवर एक लाल खूण होती, ती पण पुसट झाली."

"मग तेव्हा हो का म्हणालीस?"

"त्या काकू इतक्या आनंदानं दाखवत होत्या. मला वाटलं, असेल, मलाच दिसला नसेल. पोरीचं नशीब परक्या बाईला दिसलं आणि आईला दिसलं नाही, असं कसं सांगू?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. सगळी वाक्यं तयार होती. मी फोन ठेवला.

टाच

सर्जननं टाचेचा तो भाग खोलवर काढला आणि मांडीची कातडी तिथे बसवली. जांघेतली लिम्फची एक गाठही काढली, आजार पायातून वर चालायला लागलाय का ते बघायला.

हॉस्पिटलचा दिवस पट्टीभोवती फिरतो. सकाळी नर्स पट्टी उचलून बघणार, आणि मी टाचेकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघणार. लावलेली कातडी जगतेय की काळी पडतेय ते तिच्या भुवयांवरून मी वाचायचे. वासावरून काहीतरी समजतं म्हणे, म्हणून ती वाकून वास घ्यायची. माझ्या पायाचा वास कुणी इतक्या गंभीरपणे घेईल असं वाटलं नव्हतं. श्वेता म्हणाली, "तुझ्या बुटांचा वास घेतला असता तर बाई बेशुद्ध पडली असती." हसताना टाके ओढले गेले.

पाय जमिनीला लावायचा नाही. कुबड्या, बाहेर बर्फ, अपार्टमेंटचा जिना. काकूंचे डबे येत होते, वरण, भात, गाजराची कोशिंबीर. डबा द्यायला आल्या की काकू दारातूनच विचारायच्या, बरी आहेस ना, आणि पायाकडे बघायच्या नाहीत.

आईला यायचं होतं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेना. घरातला परदेशगमनाचा तीळ माझ्या वाट्याला आला होता, तिचे पाय कोरे. ती फोनमधून माझ्याजवळ बसायची. मी झोपले तरी कॉल तोडायची नाही, तिकडे भाजी निवडत राहायची. जाग आली की तिच्या बांगड्यांचा आवाज. आम्ही त्या जन्मखुणेबद्दल पुन्हा बोललो नाही. तिनं उपास धरले होते, हे मला बाबांकडून समजलं.

गाठीचा रिपोर्ट आला. त्यात आजाराचा एक कण सापडला होता. कण, असाच शब्द सर्जननं वापरला, अ स्पेक. सगळ्या अंगात कुठे काही नाही, पण हा एक कण टाच सोडून वर निघाला होता. म्हणून वर्षभर सलाइनमधून औषध, आणि अधूनमधून स्कॅन. मी विचारलं, म्हणजे मी बरी होणार की नाही? सर्जन म्हणाले, आपण लक्ष ठेवू.

हे वाक्य नीट ऐका. ज्यांना ते ऐकायला मिळालंय त्यांना माहीत आहे, की त्यानंतर घरात कायम कुणीतरी दाराआड उभं असतं.

काका

सलाइनला मला काका न्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी गाडी घेऊन खाली उभे राहिले, तेव्हापासून प्रत्येक वेळी. खुर्चीशेजारी बसून पेपर वाचायचे, नर्सशी फार बोलायचे नाहीत. आपण डॉक्टर आहोत हे त्यांनी तिथे कुणाला सांगितलं नाही.

एकदा गाडीत मी बोलले. मला गोड बोलता येत नाही.

"काका, तुम्ही चष्मा वर करून पाहिला होता. तुम्ही डॉक्टर ना?"

काका गाडी चालवत राहिले. आमचा एक्झिट मागे गेला, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"डॉक्टर म्हणून पाहिलाच नाही गं मी," ते म्हणाले. "घरात पूजा होती. सगळे हसत होते. माझी आई तशाच तिळावरून मला म्हणायची, तू बोटीत बसणार. माझ्या बोटाजवळ आहे एक, बारीक. मी तुझ्या टाचेत माझी आई पाहिली."

लोक म्हणतात तसं मी "असू दे काका" म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. पुढच्या वेळी ते येताना खिशात भिंग आणि छोटा टॉर्च घेऊन आले. तेव्हापासून दर महिन्याला ते माझा पाय बघतात. पहिल्यांदा त्यांनी खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला तेव्हा मी ओढून घेतला, बापापेक्षा मोठा माणूस. ते म्हणाले, "ठेव. नमस्कार नंतर कर." त्यांचा स्वतःचा बोटाजवळचा तीळ मी त्यांना त्याच डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला लावला. साधा तीळ निघाला. निघतात. बहुतेक तीळ साधेच असतात. म्हणूनच तर दाखवायचे.

अव्यंग

पुन्हा नवरात्र आलं. सलाइन चालूच होतं, आणि पुढचा स्कॅन दसऱ्यानंतर होता. श्वेताला काकूंचा फोन आला. मला आला नाही.

मला वाटलं, विसरल्या. श्वेता माझ्याकडे बघेना. मग तिनं सांगितलं, काकूंनी तिलाच विचारलं होतं, मुक्ताला वाईट नाही ना वाटणार? पूजेला कुमारिका अव्यंग लागते. आपल्याकडे असतं ना तसं.

सॉकरवाल्या पोरींसाठी नियम सैल होतो. पंचविशी ओलांडलेल्यांसाठी सैल होतो. मांडीची कातडी टाचेला लावलेल्या मुलीसाठी नाही. मी आजारपणात रडले नव्हते तितकी त्या संध्याकाळी रागानं रडले. आणि मग जे मला करता येतं ते केलं. न बोलावता गेले.

दारात चपलांचा ढीग. मी जोडा काढला, त्यातली मऊ गादी काढली, लंगडत आत गेले. दोन मुलींचे पाय धुऊन झाले होते, काकूंच्या बोटांना कुंकू होतं. पाट रिकामा झाला तशी मी बसले आणि परातीत पाय ठेवले. दोन्ही. डाव्या टाचेवरचा तो तुकडा फिका आहे, गुळगुळीत, कडेला दोरा ओवल्यासारखी रेघ. पाण्यात तो आणखी फिका दिसतो.

"काकू," मी म्हटलं, "हा पाय तुम्हीच पहिल्यांदा उचलला होता."

काकूंचा हात तांब्यावर थांबला. मला वाटलं, उठून जातील. मग त्यांनी पाणी घातलं. उजवा पाय धुतला, डावा धुतला, फिक्या तुकड्यावरून हात फिरवला, आधी भीतभीत, मग नीट. टॉवेल घेतला, टाच वर उचलली, मागच्या वर्षीसारखीच.

आणि थांबल्या.

"मुक्ता," त्या म्हणाल्या. "इथे काहीतरी आहे."

रेघेला लागून, तिच्या वरच्या अंगाला. काळपट, बारीक. मला वाकून दिसेना. श्वेता वाकली आणि तिनं माझा खांदा धरला. कुणीतरी गॅस बंद केला, तो आवाज मला ऐकू आला. काका आतून आले, खाली बसले, टॉर्च लावला. मी टाचेकडे बघितलं नाही. हॉस्पिटलची सवय, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यात काहीच वाचता येईना. कण, मी मनात म्हणत होते. कण.

काकांनी ओल्या टॉवेलच्या टोकानं तिथे घासलं. एकदा. पुन्हा. मग टॉवेल उजेडात धरला. लाल डाग होता.

"कुंकू आहे," काका म्हणाले. "तुझ्या बोटाचं, नलू."

तरी त्यांनी टॉर्च बंद केला नाही. सगळी टाच, बोटं, बेचक्या, नखं, सगळं पाहिलं. स्कॅन अजून व्हायचाच होता, त्या टॉवेलनं काही सिद्ध होत नव्हतं, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

मागच्या वर्षी याच खोलीत एक डाग दिसला आणि आम्ही सगळे हसलो होतो. या वर्षी कुंकू निघालं तरी कुणी हसलं नाही.

मी पाटावरून उठले. आधी श्वेतानं भिंतीला टेकून स्वतःचा पाय उलटा केला. मग तिच्या शेजारच्या मुलीनं. काकू तशाच परातीजवळ बसून होत्या, ओले हात मांडीवर. मग हळूच सरकून पाटावर बसल्या आणि साडी घोट्याच्या वर घेतली. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे पाय धुतले होते. त्यांचे कुणी धुतल्याचं मला तरी आठवत नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझेही बघा."

काका टॉर्च घेऊन त्यांच्याकडे वळले.